विश्लेषण : शाळेचे गणित आणि विद्यापीठाचे गणित यांतील दरी कशी सांधायची? हार्डी यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काय केले?

बारावीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षात अडखळतो, हा अनुभव नवा नाही. सूत्र आठवायचे, आकडे घालायचे, उत्तर काढायचे, ही शाळेतील सवय. विद्यापीठात गेल्यावर उत्तर आधीच दिलेले असते आणि ते का खरे आहे हे सिद्ध करायचे असते. ही अडचण विसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिजमधील हुशार विद्यार्थ्यांनाही होती. तिच्यावर उपाय म्हणून एका तरुण अध्यापकाने १९०८ मध्ये एक पाठ्यपुस्तक लिहिले आणि त्यात पानोपानी सराव प्रश्न दिले. ते अध्यापक म्हणजे गॉडफ्री हॅरॉल्ड हार्डी. भारतात त्यांची ओळख श्रीनिवास रामानुजन यांचे सहकारी आणि पाठीराखे अशी आहे. मात्र गणित शिकणे म्हणजे काय आणि परीक्षेसाठी तयार होणे म्हणजे काय, हा भेद मांडण्यासाठी त्यांनी आयुष्यभर केलेली धडपड तितकीच महत्त्वाची आहे.

हार्डी यांची जडणघडण कशी झाली?

हार्डी यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८७७ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात क्रॅनली येथे झाला. वडील तेथील शाळेत चित्रकला शिकवत आणि शाळेचा हिशेबही पाहत. आई शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात अध्यापिका होती. घरात पैसा बेताचा, पण शिक्षणाला मान होता. लहानपणी चर्चमध्ये बसावे लागे तेव्हा हा मुलगा स्तोत्रांच्या क्रमांकांचे अवयव पाडत वेळ काढी. शिष्यवृत्ती मिळवून १८९० मध्ये तो विंचेस्टर या नामवंत शाळेत गेला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हाती केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयावरची एक सामान्य दर्जाची कादंबरी पडली. तिचा नायक अखेरीस ट्रिनिटीचा फेलो होतो आणि प्राध्यापकांच्या दालनात मद्य आणि अक्रोडांचा आस्वाद घेत बसतो. आपणही तेथे बसायचे, असे हार्डी यांनी ठरवले. त्यासाठी हाताशी असलेला मार्ग गणिताचा होता. थोर गणितज्ञ होण्याची ओढ वगैरे त्या वयात नव्हती. इतर मुलांना हरवण्याचे साधन म्हणून गणित बरे वाटत होते, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. १८९६ मध्ये ते ट्रिनिटीत दाखल झाले.

‘ट्रायपॉस’ परीक्षेची एवढी धास्ती का होती?

केंब्रिजमधील गणिताच्या पदवी परीक्षेला ‘मॅथेमॅटिकल ट्रायपॉस’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ती विद्यापीठातील सर्वांत प्रतिष्ठेची आणि सर्वांत थकवणारी परीक्षा होती. १८५४ मध्ये आठ दिवसांत १६ प्रश्नपत्रिका आणि एकूण २११ प्रश्न असा तिचा पसारा होता. प्रथम वर्गातील विद्यार्थ्यांना ‘रँग्लर’ म्हणत आणि त्यांची गुणानुक्रमे यादी जाहीर होई. पहिला आला तो ‘सीनियर रँग्लर’. त्याचे नाव वर्तमानपत्रांत झळके आणि पुढे नोकरी, फेलोशिप, मानमरातब यांची दारे उघडत.

अशा परीक्षेभोवती खासगी शिकवणीचा व्यवसाय उभा राहणे अटळ होते. विद्यापीठातील व्याख्याने बाजूला ठेवून विद्यार्थी खासगी शिक्षकांकडे जात. एडवर्ड राऊथ हे त्यांपैकी सर्वांत यशस्वी. १८५५ ते १८८८ या काळात त्यांनी सहाशेहून अधिक विद्यार्थी घडवले आणि त्यांतील पंचवीसहून अधिक जण सीनियर रँग्लर झाले. हे शिक्षक जुन्या प्रश्नपत्रिका चाळत, प्रश्नांचे प्रकार पाडत आणि प्रत्येक प्रकारासाठी ठरावीक क्लृप्ती विद्यार्थ्यांकडून घोटून घेत. वेगाला सर्वाधिक किंमत होती. आपल्याकडच्या प्रवेश परीक्षांच्या शिकवणी वर्गांशी परिचित असलेल्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल.

हार्डी या चाकोरीतून बाहेर कसे पडले?

हार्डीही एका नामांकित खासगी शिक्षकाकडे पाठवले गेले. तेथील घोकंपट्टी त्यांना इतकी नकोशी झाली की गणित सोडून इतिहासाकडे वळावे, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांना सावरले ते ऑगस्टस लव्ह या अध्यापकांनी. लव्ह हे उपयोजित गणिताचे जाणकार. त्यांनी हार्डी यांना फ्रेंच गणितज्ञ कामीय जॉर्दां यांचा विश्लेषणावरील ग्रंथ वाचायला सुचवले. सीमा म्हणजे काय, सातत्य म्हणजे काय, अनंत श्रेणीची बेरीज आहे असे केव्हा म्हणता येते, या प्रश्नांची काटेकोर उत्तरे युरोपात अनेक दशकांपूर्वी दिली गेली होती. केंब्रिजच्या विद्यार्थ्यापर्यंत ती नीटशी पोहोचलीच नव्हती. गणित म्हणजे खरोखर काय, हे आपल्याला त्या पुस्तकाने प्रथमच कळले, अशी हार्डी यांची नोंद आहे.

तरीही परीक्षा द्यायचीच होती. १८९८ मध्ये हार्डी ट्रायपॉसमध्ये चौथे आले. ज्या परीक्षेला ते मूर्खपणाची मानत होते, तिच्यात पहिला क्रमांक हुकल्याची सल मात्र त्यांना पुढेही राहिली. १९०० मध्ये ते ट्रिनिटीचे फेलो झाले. कादंबरी वाचून पाहिलेले स्वप्न पूर्ण झाले होते, पण तोवर स्वप्न बदलले होते.

या परीक्षेचा महाराष्ट्राशी संबंध काय?

हार्डी चौथे आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, सीनियर रँग्लरचा मान दोघांत विभागून गेला. त्यांपैकी एक होते जॉर्ज बर्टविसल आणि दुसरे रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मायदेशी परतून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले आणि दीर्घकाळ प्राचार्यपद सांभाळले. ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत पदवीसारखा नावाआधी लागू लागला तो त्यांच्यामुळे. पुढे रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर अशी नावे आली. मात्र या दोन पिढ्यांत एक फरक आहे. परांजपे यांच्या काळी रँग्लरांना क्रमांक मिळत असे. महाजनी आणि विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजमध्ये पोहोचले तोवर क्रमवारी जाहीर करणे बंद झाले होते.

क्रमवारी कशी बंद झाली?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस केंब्रिजमधील तरुण अध्यापकांत ट्रायपॉसविषयी असंतोष वाढला. परीक्षेसाठी दोन-तीन वर्षे केवळ कसरती केल्या जातात आणि जिवंत गणिताशी विद्यार्थ्याची गाठच पडत नाही, ही मुख्य तक्रार होती. इंग्लंड या काळात शुद्ध गणितात जर्मनी आणि फ्रान्सच्या मागे पडले होते. त्याचे खापर हार्डी या परीक्षेवर फोडत. सुधारणेच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत ते आघाडीवर होते. अखेर १९०९ मध्ये शेवटची गुणानुक्रमे यादी वाचली गेली. त्यानंतर वर्ग राहिले, क्रमांक गेले. खासगी शिकवण्यांचे महत्त्वही ओसरले.

१९०८ च्या पुस्तकात नवे काय होते?

नियम बदलून अध्यापन बदलत नाही, त्यासाठी शिकवायला साधन लागते. ते हार्डी यांनी ‘अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स’ या पुस्तकाच्या रूपाने दिले. तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते. पुस्तक विद्यापीठाच्या पहिल्या वर्षातील चांगल्या विद्यार्थ्यासाठी होते. त्याला शाळेतील बीजगणित, त्रिकोणमिती आणि कलनाची थोडी तोंडओळख आहे, एवढेच गृहीत धरले होते.

मांडणीचा क्रम बोलका आहे. सुरुवात वास्तव संख्यांपासून होते, म्हणजे विद्यार्थ्याला जे आपल्याला पक्के येते असे वाटते तेथून. मग फल, संमिश्र संख्या, सीमा, सातत्य, विकलन आणि संकलन, अनंत श्रेणी, आणि शेवटी घातांकी, लॉगॅरिथमी आणि त्रिकोणमितीय फले. यातील जवळपास प्रत्येक गोष्ट विद्यार्थ्याने शाळेत हाताळलेली असे. हार्डी त्याच गोष्टींकडे पुन्हा नेतात आणि प्रत्येक ठिकाणी विचारतात, हे असेच आहे याची खात्री कशावरून? इंग्रजीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न इतक्या आपुलकीने आणि इतक्या काटेकोरपणे विचारणारे पुस्तक त्याआधी नव्हते म्हटले तरी चालेल. हार्डी यांच्या हयातीत त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. आजही ते छापले जाते.

सराव प्रश्न कशा प्रकारचे होते?

पुस्तकात दर काही पानांनंतर उदाहरणांचा संच येतो आणि प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्न येतात. अनेक प्रश्नांपुढे ट्रायपॉसचे साल दिलेले असते. प्रश्न सोपे-अवघड असे मिसळलेले आहेत आणि काहींना उत्तराची दिशा जोडलेली आहे.

पहिल्या प्रकरणातील एक प्रश्न पाहू. २ चे वर्गमूळ अपूर्णांकात लिहिता येत नाही, पण अपूर्णांकाने त्याच्या जवळ जाता येते. समजा एक अपूर्णांक जवळचा आहे. त्याच्या अंशात छेदाची दुप्पट मिळवा, तो नवा अंश. जुना अंश आणि जुना छेद यांची बेरीज करा, तो नवा छेद. हा नवा अपूर्णांक वर्गमुळाच्या अधिक जवळ असतो आणि जुना कमी असेल तर नवा जास्त असतो, हे सिद्ध करायचे. १/१ पासून सुरुवात केली तर ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९ अशी रांग लागते. शाळेतील सवयीने विद्यार्थी दशांश काढून पाहील : १.५, १.४, १.४१६..., १.४१३... आणि खात्री झाली म्हणून थांबेल. विद्यापीठाचे गणित तेथून सुरू होते. चार वेळा जमले म्हणून पाचव्यांदा जमेलच कशावरून?

उत्तर अंश आणि छेदाच्या वर्गांत दडले आहे. अंशाच्या वर्गातून छेदाच्या वर्गाची दुप्पट वजा करा. ३/२ साठी ९ वजा ८, म्हणजे १. ७/५ साठी ४९ वजा ५०, म्हणजे उणे १. १७/१२ साठी २८९ वजा २८८, पुन्हा १. कंस सोडवून पाहिले की कळते, दर पायरीला ही वजाबाकी तेवढीच राहते, फक्त चिन्ह बदलते. छेद मात्र वाढत जातो. म्हणून १७/१२ चा वर्ग २ पेक्षा १/१४४ ने जास्त असतो आणि ४१/२९ चा वर्ग २ पेक्षा १/८४१ ने कमी. फरक घटत जातो आणि बाजू आलटून पालटून बदलते. सारे साहित्य नववी-दहावीच्या बीजगणितातले आहे. नवी आहे ती मागणी : सर्व पायऱ्यांसाठी एकच कारण द्या.

दुसरे उदाहरण अनंत श्रेणींचे. १, १/२, १/३, १/४ अशी पदे मिळवत गेलो तर बेरीज कोठे थांबते का? पदे शून्याकडे जातात, तेव्हा थांबत असावी असे वाटते. गणकयंत्रही तसेच भासवते, कारण बेरजेने १० चा आकडा ओलांडायला १२,३६७ पदे लागतात. पण १/३ आणि १/४ यांची बेरीज अर्ध्याहून जास्त आहे. पुढच्या चार पदांची, म्हणजे १/५ ते १/८ यांची बेरीजही अर्ध्याहून जास्त आहे. त्यानंतरच्या आठ पदांचेही तेच. असे अर्धे-अर्धे न संपता मिळत राहतात, म्हणून बेरीज कोणताही आकडा कधी ना कधी ओलांडते. पदे लहान होत जाणे पुरेसे नाही, ती पुरेशा वेगाने लहान व्हावी लागतात. हा धडा व्याख्येपेक्षा या एका प्रश्नातून अधिक पक्का होतो.

रामानुजन यांच्याबाबतीत हीच दरी कशी दिसली?

जानेवारी १९१३ मध्ये मद्रासच्या एका कारकुनाचे पत्र हार्डी यांना मिळाले. त्यात शंभराहून अधिक सूत्रे होती, सिद्धता जवळपास नव्हतीच. यामागचे एक कारण पुन्हा ट्रायपॉसपाशीच जाते. रामानुजन यांनी किशोरवयात ज्या पुस्तकावर स्वतःला घडवले, ते जॉर्ज शूब्रिज कार यांचे संकलन होते. कार हे ट्रायपॉसची शिकवणी घेणारे. विद्यार्थ्यांच्या उजळणीसाठी त्यांनी सुमारे पाच हजार निष्कर्ष ओळीने मांडले होते, बहुतेक ठिकाणी सिद्धतेऐवजी नुसती खूण. केंब्रिजच्या विद्यार्थ्यासाठी ती उजळणीची वही होती. कुंभकोणमच्या मुलाने तीच प्रश्नावली समजून एकेक निष्कर्ष स्वतः शोधून काढला. त्यातून प्रतिभा फुलली, पण सिद्धता लिहिण्याची रीत मिळाली नाही. दरम्यान इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने ते महाविद्यालयीन परीक्षेत नापास होत राहिले आणि शिष्यवृत्तीही गमावून बसले.

एप्रिल १९१४ मध्ये रामानुजन केंब्रिजला आले तेव्हा हार्डी यांच्यापुढे पेच होता. काटेकोरपणा शिकवावा तर त्यांचा स्वतःवरचा विश्वास ढळेल. न शिकवावा तर चुकीच्या वाटांवर शक्ती वाया जाईल. हार्डी यांनी नियमित अभ्यासक्रमाचा आग्रह धरला नाही. समोर आलेल्या प्रश्नावर एकत्र काम करता करता जेवढे शिकवता येईल तेवढे शिकवले आणि त्याहून अधिक आपणच त्यांच्याकडून शिकलो, असे मानले. १९१८ मध्ये रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९२० मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

परीक्षेला विरोध, मग परीक्षेतले प्रश्न कशाला?

हार्डी यांच्या आयुष्यातील ही विसंगती लक्षवेधी आहे. १९१९ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले. १९२६ मध्ये गणित शिक्षकांच्या ‘मॅथेमॅटिकल असोसिएशन’ या संस्थेचे अध्यक्ष या नात्याने भाषण करताना त्यांनी ट्रायपॉस सुधारण्याऐवजी ती बंदच करावी, अशी भूमिका घेतली. किमान पात्रता तपासणाऱ्या साध्या परीक्षेला त्यांचा विरोध नव्हता. बुद्धिमत्तेचे बारीक मोजमाप करू पाहणाऱ्या आणि त्यासाठी अध्यापनाला जुंपणाऱ्या परीक्षेला होता. १९३१ मध्ये ते केंब्रिजला परतले. आणि त्याच दशकात निघालेल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी मागील वीस वर्षांच्या ट्रायपॉस प्रश्नपत्रिकांतील उदाहरणांची मोठी भर घातली.

यात दिसते तितका विरोध नाही. तोच प्रश्न घड्याळ लावून, क्रमांकासाठी, पाठ केलेल्या क्लृप्तीने सोडवला तर तो विद्यार्थ्याला प्रश्नांचे प्रकार ओळखायला शिकवतो. तोच प्रश्न एखादी कल्पना शिकल्यावर लगेच, हवा तेवढा वेळ घेऊन सोडवला तर तो कल्पनेची परीक्षा घेतो. हार्डी यांनी प्रश्न टाकून दिले नाहीत, त्यांची जागा बदलली. त्यांनी १९३८ मध्ये राइट यांच्यासह लिहिलेल्या संख्या सिद्धांतावरील प्रसिद्ध ग्रंथात सराव प्रश्नच नाहीत, हेही येथे लक्षात घ्यावे. तेथील वाचक उंबरठा ओलांडून आत आलेला होता. सरावाची खरी गरज उंबरठ्यावर असते.

हार्डी यांची अखेरची वर्षे कशी गेली?

१९३९ मध्ये हृदयविकाराने त्यांना गाठले. टेनिस थांबले, पुढे सर्जनशील गणितही आटले. क्रिकेटचे वेड तेवढे टिकले. १९४० मध्ये त्यांनी ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे छोटेखानी आत्मपर पुस्तक लिहिले. शेवटच्या आजारपणात बहीण गर्ट्रूड यांनी त्यांची शुश्रूषा केली. १ डिसेंबर १९४७ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक जाहीर झाले होते. आपल्या पाठ्यपुस्तकातील तरुणपणीच्या आवेशाकडे त्यांनी उतारवयात थोडे हसूनच पाहिले. ज्या गोष्टीसाठी तेव्हा हिरिरीने बोलावे लागले, ती तोवर केंब्रिजमध्ये नेहमीची झाली होती.

आजच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे?

राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठीची सीईटी बहुपर्यायी आहे. तेथे चारपैकी एक पर्याय निवडायचा असतो, कारण लिहायचे नसते. दोन वर्षे अशा सरावात काढलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ‘सिद्ध करा’ हे शब्द परके वाटले, तर त्यात बुद्धीचा दोष नाही. सरावाचा प्रकार वेगळा होता, इतकेच. त्यावरचा उपाय हार्डी यांच्या पुस्तकात दिसतो. जे आधीच येते असे वाटते तेथूनच सुरुवात करावी. उत्तर मिळाल्यावर ते नेहमी का मिळते, हे एका परिच्छेदात लिहून पाहावे. एखादे विधान खोटे वाटले तर ते मोडणारे एक तरी उदाहरण शोधावे. आणि एका प्रश्नावर एक संध्याकाळ गेली तर ती वाया गेली असे समजू नये. निकालपत्रकातील क्रमांक काढून टाकायला केंब्रिजला १९०९ साल उजाडावे लागले. स्वतःच्या वहीतून तो काढून टाकणे विद्यार्थ्याच्या हाती आहे.